खारपाणपट्ट्यात मऊ प्रवाळाचं बेणं: कधी कापायचं, कसं कापायचं, कुठे फसतं

वाइंडिंगवाला | १४ नोव्हेंबर, रात्री ९:५०

राम राम मंडळी. खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथे जमिनीतलं पाणीच खारं, त्या दर्यापूर तालुक्यात माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे आणि दुकानामागच्या खोलीत १२० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी. चार वर्षं झाली. शाळा सुटली की पोरं काचेला नाक लावून उभी राहतात. मुंबई इथून सहाशे किलोमीटरच्या वर, म्हणून अर्ध्या गावाला समुद्र म्हणजे हीच टाकी.

प्रवाळ कापून वाढवता कसा, असं बऱ्याच जणांनी विचारलं, तर एकदाच सविस्तर लिहितो. दिवाळी होईपर्यंत मुद्दाम थांबलो. आपल्याकडे कापायचे दिवस कार्तिकापासून माघापर्यंतच. चैत्र-वैशाखात कापलं की तुकडा सडला म्हणून समजा. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, जंतू जोरात वाढतात आणि जखम भरायच्या आत कुजते. यात माझे दोन उन्हाळे गेले.

आधी हे समजून घ्या की कठीण प्रवाळ चुन्याचा सांगाडा बांधतो, मऊ प्रवाळ बांधत नाही. त्याच्या मांसात चुन्याचे बारीक कण तेवढे असतात. कैची चालवली की वाळू लागल्यासारखी करकर होते, ती त्यांचीच. प्रत्येक पॉलिपला, म्हणजे प्रवाळातल्या एकेका बारीक जीवाला, आठ भुजा, आणि भुजांना पिसासारखी झालर. अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं प्रवाळाला मिळतं. म्हणून दिवा बरोबर असला तर वेगळं खायला घालायची फारशी गरज पडत नाही.

सुरुवात लेदर नावाच्या मऊ प्रवाळाने करा. शास्त्रीय नाव सार्कोफायटन. दिसायला पावसाळ्यात धुऱ्यावर निघणाऱ्या टेकोड्यासारखा: खाली देठ, वर छत्री. मी काय करतो ते सांगतो. टाकीतलंच पाणी एका घमेल्यात घेतो, प्रवाळ त्यात काढतो आणि नव्या ब्लेडने छत्री देठापासून एका झटक्यात वेगळी करतो. घासत बसायचं नाही. ब्लेड नवं पाहिजे, दाढीचं वापरलेलं नको. मग त्या छत्रीचे भाकरीच्या चतकोरासारखे तुकडे करायचे, प्रत्येक दोन-तीन सेंटिमीटरचा. देठ परत टाकीत जातो. त्याला महिना-दोन महिन्यांत वरून नवी छत्री फुटते, म्हणजे मूळ झाड हातचं जात नाही.

हे टाकीत का नाही कापायचं? कापताना लेदर भरपूर चिकट सोडतो आणि त्यात टर्पिन जातीची विषारी रसायनं असतात. समुद्रात शेजाऱ्यांशी जागेवरून भांडायला ती त्याला लागतात. टाकीत कापलं तर बाकीचे प्रवाळ आक्रसून बसतात. घमेल्यातलं पाणी फेकून द्यायचं, तुकडे दुसऱ्या स्वच्छ खाऱ्या पाण्यात दोनदा हिसळायचे, मगच टाकीत. आणि पुढचे आठ दिवस फिल्टरमध्ये ताजा कार्बन.

आता खरी पंचाईत. तुकडा दगडाला चिकटवायचा कसा? फेविक्विकच्या जातीचा डिंक इथे कामाचा नाही. अंगावर बुळबुळ असते, डिंक तिलाच धरतो आणि रात्रीतून पापुद्र्यासकट सुटून येतो. मी तुकडा खडबडीत दगडावर ठेवतो, वरून ओढणीची नेट ताणतो आणि भाजीच्या जुडीचं रबर लावतो. रबर सैल. आवळलं तर मांस कापतं. दोन ते तीन आठवड्यांत तुकडा दगड धरतो, मग नेट कात्रीने काढायची. हेच तीन आठवडे जपायचे असतात. कापणं पाच मिनिटांचं काम आहे.

नवखा_तेल्हारा | १४ नोव्हेंबर, रात्री १०:३२

भाऊ, लय भारी लिवलं. एक इचारतो. आमच्या बोअरचं पाणी आधीच खारट हाय, चहा फाटते त्यानं. मंग त्यातच कमी पडते तेवढं मीठ टाकून घेतलं तर जमन काय? अन् मीठ कोनतं, खडे का आयोडीनवालं?

वाइंडिंगवाला | १५ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

नाही जमत भाऊ. मलाही आधी हेच वाटलं होतं: समुद्र घरातच आहे, पैसे वाचले. माझ्या बोअरचा टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेले क्षार, मीटरवर २९०० मिलिग्रॅम येतो. समुद्राचा ३५,००० च्या घरात. म्हणजे आपलं पाणी पिकाला आणि माणसाला खारं, पण प्रवाळाला ते गोडच. आणि खारेपणाची जातही वेगळी. आपल्याकडे सोडियम आणि बायकार्बोनेट डोईजड, तर समुद्राच्या लिटरभर पाण्यात मॅग्नेशियम १३०० मिलिग्रॅमच्या आसपास, कॅल्शियम ४०० च्या आसपास, आणि त्यांचं आपसातलं प्रमाण ठरलेलं. किराण्याचं मीठ, खडे असो की बारीक, बहुतेक सोडियम क्लोराइडच. त्यात प्रवाळ जगत नाही.

मत्स्यालयाचं तयार सागरी मीठ घ्या. लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम. मुंबई-पुण्याहून कुरियरने येतं, पिशवी उघडी राहिली तर आपल्या पावसाळ्यात दगड होते.

पाणी आरओचंच घ्या. घरच्या आरओमध्ये चवीसाठी थोडं मूळ पाणी परत मिसळणारा एक स्क्रू असतो, तो पूर्ण बंद करायचा. माझ्याकडे आरओनंतर १४० येतो. पुढे उरलेले क्षार धरणाऱ्या डीआय रेझिनची नळी जोडली, आता शून्य. शून्याच्या वर शैवाल माजतं, हे चार वर्षांचं सांगतो. मीठ कालवल्यावर पंप लावून रात्रभर फिरू द्या आणि रिफ्रॅक्टोमीटरने (खारेपणा मोजायचं यंत्र) घनता १.०२५ आली की वापरा. काटा हलणारं प्लॅस्टिकचं स्वस्त यंत्र घेऊ नका, ते खोटं बोलतं.

गंमतगोटी | १५ नोव्हेंबर, सकाळी ८:४४

एवढा खटाटोप कशाला? लोणारवरून दोन कॅन भरून आणा. खारंही आहे आणि रंगही येईल.

वाइंडिंगवाला | १५ नोव्हेंबर, दुपारी १:०५

जून २०२० मध्ये लोणार गुलाबी झालं ते खारटपणा वाढून माजलेल्या सूक्ष्मजीवांमुळे. तिथल्या पाण्याचा पीएच दहाच्या आसपास, समुद्राचा ८.२. तुमचा प्रवाळ घरी नेईपर्यंत साबण होईल. शिवाय तिथे अभयारण्य आहे, कॅन भरू देणार नाहीत.

मोर्शीची_संत्रेवाली | १५ नोव्हेंबर, रात्री ८:२०

दादा, बाकी सगळं पटलं, पण तुम्ही शीर्षकात ‘बेणं’ लिहिलंय आणि मागच्या धाग्यात सगळे ‘कलम’ म्हणत होते. आमच्याकडे जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात, त्याला आम्ही कलम म्हणतो. तिथे खुंट एकाचा आणि वरचं झाड दुसऱ्याचं. तुमच्या प्रवाळात तसं काही दिसत नाही. तुकडा स्वतःच मूळ धरतो आणि स्वतःच वाढतो.

आणखी एक. आम्ही छाटणीनंतर जखमेला बोर्डो पेस्ट लावतो. तुम्ही जखमेला काही लावता का?

वाइंडिंगवाला | १५ नोव्हेंबर, रात्री ९:३०

ताई, अगदी बरोबर. म्हणूनच बेणं म्हटलं. हळदीचा गड्डा मोडून लावला की त्याच वाणाची हळद, तसं. माझ्याकडचे अकरा लेदर म्हणजे खरं तर एकच लेदर आहे, अकरा ठिकाणी बसलेला. एकाला रोग लागला तर अकराही सारखेच कच्चे पडतील.

पण बोर्डोचं नाव इथे काढू नका हो. त्यात मोरचूद, म्हणजे तांबं. प्रवाळ, गोगलगाय, झिंगा, कुणालाच तांबं सोसत नाही. मी कापलेले तुकडे आयोडीनच्या पातळ द्रावणात काही मिनिटं बुडवतो, बाटलीवर लिहिलंय तेवढंच. बाकी जखम वाहत्या पाण्यानेच भरते.

तांब्यावरून माझीच फजिती सांगतो. दुसऱ्या वर्षी फिल्टरचा पंप जळला. धंदाच तो, म्हणून नवा घेण्याऐवजी मीच भरला आणि वर इपॉक्सी ओतली. महिनाभर छान चालला. मग एक दिवस झेनिया, जो मुठी उघडझाप करतो तो, थांबला. दुसऱ्या दिवशी वितळून पाण्यात मिसळला, हाती शेंबडासारखं काहीतरी आलं. गोगलगायी उलट्या पडल्या. पंप काढून पाहिला तर इपॉक्सीला केसाएवढी चीर आणि आत वाइंडिंग हिरवं पडलेलं. खाऱ्या पाण्यात उघडी तार आणि मी रोज त्यात हात घालत होतो! त्याच संध्याकाळी टाकीच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, बसवला. लोकांच्या विहिरीवर मी हाच सल्ला देत फिरतो, घरात मात्र नव्हता.

ठाण्याचा_रीफर | १६ नोव्हेंबर, सकाळी ११:१०

छान धागा. पण तुमच्याकडे मे महिन्यात ४५ अंश असतात ना? चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, नसेल तर रीफ टाकी (प्रवाळाची टाकी) शक्यच नाही. २६ अंश ठेवायलाच हवेत.

वाइंडिंगवाला | १६ नोव्हेंबर, दुपारी २:४०

शक्य आहे सर, आणि कारण तेच, आमचं ऊन कोरडं आहे. तुमच्याकडे हवेत घाम असतो.

एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण २४०० किलोज्यूल उष्णता लागते. ती टाकीतूनच गेली असं धरलं, तर शंभर लिटर पाणी सहाएक अंशांनी उतरावं. वरून सारखी उष्णता येतच असते म्हणून तेवढं उतरत नाही, पण हिशेब कळला असेल. डेझर्ट कूलरचंही गणित हेच. मी पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपे दोन छोटे पंखे सोडलेत, संगणकाच्या डब्यात असतात तसले १२ व्होल्टचे. बाहेर ४४ असताना खोलीत कूलर लावून ३२, आणि टाकीत २७-२८. मऊ प्रवाळ तेवढं सोसतो. ३० च्या वर दिवसेंदिवस राहिलं तर अंगातलं शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो.

किंमत पाण्यात मोजावी लागते. मे महिन्यात रोज चार-पाच लिटर उडतं. मीठ उडत नाही, ते मागेच राहतं. एका दिवसात खारेपणा लिटरला ३५ ग्रॅमचा ३६ च्या वर जातो. म्हणून भर घालायची ती गोड्या आरओ पाण्याची, खाऱ्या नाही. नवखे इथे हमखास चुकतात. मी कूलरचाच फ्लोट व्हॉल्व्ह बसवलाय. बाजारात पितळी मिळतो आणि प्लॅस्टिकचा मिळतो. पितळ म्हणजे पुन्हा तांबं, तेव्हा प्लॅस्टिकचा घ्या.

पंख्याचा खेळ जुलै-ऑगस्टमध्ये मात्र बसतो. हवा ओली झाली की वाफ होत नाही. तेव्हा बाहेरचं तापमानच उतरलेलं असतं म्हणून निभतं. अडतं ते मधल्या पंधरवड्यात, मिरगाच्या आधी, ढग येतात आणि पाऊस येत नाही तेव्हा. त्या दिवसांत मी दिवा चार तासांवर आणतो आणि कशालाही हात लावत नाही.

राहिली वीज. लाइन गेली की आधी गरज हवेची, उजेडाची नाही. बारा व्होल्टचा वेव्हमेकर (पाणी हलवणारा पंप) ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटरीवर आठ-दहा तास चालतो. दिवा रात्रभर बंद राहिला तरी कुणी मरत नाही.

पाणी_आधी | १६ नोव्हेंबर, रात्री ९:०२

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. खारपाणपट्ट्यात बाया डोक्यावर गुंड घेऊन फिरल्या, किडनीचे आजार घराघरात पोचले, आणि तुम्ही रोज पाच लिटर शुद्ध पाणी शोभेच्या टाकीत वाफ करता? आरओ एक लिटर द्यायला तीन लिटर फेकतो, तेही धरा.

वाइंडिंगवाला | १६ नोव्हेंबर, रात्री १०:१५

राग कशाचा? माझी आईच गुंड घेऊन जायची. प्यायला आता शहानूर धरणाचं नळाचं पाणी येतं, ते मी टाकीला वापरत नाही. टाकीला बोअरचंच, जे ना प्यायच्या कामाचं ना ओलिताच्या. आरओचं फेकलेलं पाणी कूलरमध्ये आणि दुकानाची फरशी धुवायला जातं. त्याने कूलरच्या ताट्या वर्षात पांढऱ्या होऊन कडक होतात, तो खर्च माझा. तरी तुमचं म्हणणं खोटं नाही. उन्हाळ्याचे दोन महिने मलाही ते टोचतं.

वायगावची | १७ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:३८

माझ्याकडे झोअँथस आहेत, बटणांसारखे. दगडभर पसरलेत, दुसऱ्या कशाला जागाच नाही. दगड काढून उकळत्या पाण्यात घातला तर साफ होईल ना? उद्या सुट्टी आहे, करून टाकते.

वाइंडिंगवाला | १७ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:४७

ताई, थांबा. उकळू नका! उत्तर नीट लिहितो, पण आधी हे वाचा.

वाइंडिंगवाला | १७ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:२०

दुकान बंद करून बसलो. झोअँथस आणि त्यांचे भाऊबंद पॅलिथोआ यांच्यातल्या काहींच्या अंगात पॅलिटॉक्सिन असतं. निसर्गात सापडलेल्या अतिजहाल विषांपैकी हे एक. हवाईमध्ये माउई बेटावर मुळचे लोक ते भाल्याच्या टोकाला लावत, आणि १९७१ मध्ये मूर आणि श्यूअर यांनी ते पॅलिथोआतून वेगळं काढलं. उकळल्याने ते मरत नाही, वाफेबरोबर घरभर होतं. असे दगड उकळून अख्खं कुटुंब दवाखान्यात गेल्याच्या घटना परदेशात घडल्या आहेत. गरम पाणी नको, ब्रशने घासणं नको, ड्रिल तर नकोच.

कमी करायचे असतील तर हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा लावून, हाताला चीर नाही हे पाहून, दगडाची पातळ कपची छिन्नीने पाण्याखालीच सोडवा. हे शास्त्राने मऊ प्रवाळ नाहीतच, सागरकुसुमांच्या जवळचे आहेत. दुकानदार एकाच टोपलीत विकतात एवढंच.

वायगावची | १७ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:३१

बाप रे. गॅसवर पातेलं चढवायचं तेवढं राहिलं होतं. स्वयंपाकाचंच पातेलं.

वनखात्यातून_निवृत्त | १८ नोव्हेंबर, सकाळी ६:५०

मेळघाटात उमेद गेली, समुद्राशी संबंध नाही, पण कायदा सांगतो. रीफ बांधणारे कठीण प्रवाळ, काळा प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे वाघाच्या रांगेत. मालवण-अंदमानला फिरायला गेल्यावर किनाऱ्यावरचा मेलेला तुकडा खिशात घालून आणणं हाही गुन्हाच. ‘लाइव्ह रॉक’ (जिवाणूंसकट समुद्रातला दगड) म्हणून जे विकतात ते आपल्या किनाऱ्यावरून उचललेलं असेल तर तेच कलम लागतं. बिल मागा. कुठून आलं हे सांगत नसेल त्याच्याकडून घेऊ नका.

वाइंडिंगवाला | १८ नोव्हेंबर, सकाळी ८:०५

साहेब, धन्यवाद. माझ्याकडे सगळा सुका कृत्रिम दगड आहे, त्यावर जिवाणू बसायला दीड महिना लागला. आणि मूळ लेदर नागपूरच्या एका हौशी माणसाच्या टाकीत वाढलेला. या छंदात बेणं वाटून खाल्लं तर समुद्राला हात लावायचं कामच उरत नाही.

नवखा_तेल्हारा | ९ डिसेंबर, रात्री ९:१२

भाऊ, तुमच्याकडून नेलेल्या लेदरचे काल तीन तुकडे केले. आज मोठा देठ पार बंद झाला, अंगावर मेणासारखी साय आली. मेला काय? बायको म्हन्ते फेक तो घाण.

वाइंडिंगवाला | ९ डिसेंबर, रात्री ९:२५

वहिनींना सांगा, दम धरा. लेदर कात टाकतो. कापल्यावर तर टाकतोच, एरवीही अधूनमधून. चार दिवस ते दोन आठवडेही बंद राहतो, मग साय निघते आणि पॉलिप बाहेर येतात. पाण्याचा झोत थोडा त्याच्याकडे वळवा म्हणजे साय धुऊन जाईल. मेला असता तर वास आला असता. सडलेल्या कांद्यासारखा, तो चुकत नाही. वास नाही ना?

नवखा_तेल्हारा | ९ डिसेंबर, रात्री ९:२९

नाही. समुद्रासारखा वास येते. म्हन्जे मी समुद्र पाह्यला नाही, पन तसाच असन.

मोर्शीची_संत्रेवाली | १० डिसेंबर, दुपारी १२:१८

मीही टाकी लावायचा विचार करतेय. झेनिया, मशरूम आणि ग्रीन स्टार या प्रवाळांना हीच रीत का?

वाइंडिंगवाला | १० डिसेंबर, रात्री ८:५५

नाही ताई. ग्रीन स्टार सगळ्यात सोपा. त्याची जांभळी चटई सोलायची, कात्रीने चौकोन कापायचे, खालची बाजू कापडाने टिपायची. इथे डिंक चालतो, कारण चटई चिवट असते. पण तो वेगळ्या दगडावर ठेवा, नाहीतर काँग्रेस गवतासारखा सगळी टाकी व्यापतो. मशरूम तोंडातून बरोबर मधोमध कापायचा, दोन्ही अर्ध्यांना तोंडाचा वाटा मिळाला पाहिजे. मग श्रीखंडाच्या डब्यात दगडाची कच घालून त्यात सोडायचा, वरून नेट. आपोआप एखाद्या खड्याला धरतो. झेनियाला शक्यतो कापूच नये. शेजारी रिकामा दगड ठेवा, तो चालत येऊन त्यावर बसतो, मग मधला दुवा तोडा. केनिया ट्री नावाचा मऊ प्रवाळ तर फांद्या स्वतःच टाकतो.

पाण्याचे आकडे फार मनावर घेऊ नका. क्षारता ८-९ डीकेएच आणि नायट्रेट ५ ते १०, बस. नायट्रेट शून्य करायच्या मागे लागलात तर मऊ प्रवाळ उपाशी राहतो.

नवखा_तेल्हारा | ३१ डिसेंबर, रात्री ११:०५

भाऊ, हिशोब देतो. तीन तुकडे होते. एक नेटमधे बसला, दगड धरला, काल नेट काढली. दुसरा रबरानं कापला गेला, माझीच चूक, आवळलं होतं. तिसरा चौथ्या दिवशीच नेटमधून गायब झाला. लय शोधला, वाटलं मासोळीनं खाल्ला.

आज पंप धुवाले काढला तर तिसरा पंपाच्या जाळीला बसला हाय. पक्का! पॉलिप बी बाहेर. आता पंप धुवू का नको?

वाइंडिंगवाला | ३१ डिसेंबर, रात्री ११:११

धुऊ नका. जाळीच ओढून काढा आणि तुकड्यासकट दगडावर ठेवा. नवी जाळी माझ्याकडे पडली आहे, रविवारी दर्यापूरला या. थर्मास घेऊन या, परतताना ग्रीन स्टारचा चौकोन देतो.

नवखा_तेल्हारा | ३१ डिसेंबर, रात्री ११:१४

थर्मास चहाचा हाय. चालन?

वाइंडिंगवाला | ३१ डिसेंबर, रात्री ११:१५

साबण न लावता चार वेळा गरम पाण्याने धुवा. आणि आतून स्टीलचा आहे का पाहा, पितळी असेल तर राहू द्या, मी डबा देतो.